बिनतारी श्रावण

आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेली पिठाची घंटी काल धुतली. सुरतेत पिठाच्या गिरणीला घंटी म्हणतात, आणि आमच्या लिंबायत भागात ती अशी धुतली गेली की समजायचं, कानबाई जवळ आल्या. रोटाचे, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू दळायचे असतात. त्यात आधीच्या दळणाचा कणसुद्धा मिसळायला नको, म्हणून घंटीवाला सगळं उघडून, झटकून, पुसून घेतो आणि वरून बादल्यांनी पाणी ओततो. ते पांढरं पाणी गटाराकडे वाहत असतं आणि ओल्या पिठाचा गोडसर, किंचित आंबूस वास गल्लीभर पसरतो. शाळेतून शिकवून परतताना तो वास नाकात शिरला आणि माझी चाल बदलली. डाव्या हाताची बोटं पर्सच्या पट्ट्यावर आपोआप नाचायला लागली. समोरून येणाऱ्या एका बाईने माझ्याकडे जरा काळजीनेच पाहिलं असावं. तिला काय सांगू? मागच्या श्रावणापासून माझं हे असंच होतं.

मी मूळची अमरावतीची. लग्न होऊन सुरतेत आले तेव्हा सामानात एक काळी पेटी होती. ती बघून गल्लीतल्या बायकांनी आपापसात ठरवलं होतं की नवरीने शिवणाचं मशीन आणलंय. पेटीतून व्हायोलिन निघालं तेव्हा त्यांचा चांगलाच हिरमोड झाला. लहानपणी मी एका फार कडक सरांकडे शिकले. खाली मांडी घालून बसायचं, उजवा पाय जरा पुढे काढायचा, व्हायोलिनचं टोक त्या पायाच्या घोट्यावर टेकवायचं आणि मग हलायचं नाही. 'हलते ती बाहुली, वाजवते ती बाई,' असं सर म्हणायचे. पुढे सुरतेत भजनाला, शाळेच्या कार्यक्रमाला, गणपतीत वाजवायला लागले तेव्हा सरांच्या जागी माइकचा स्टँड आला. हा गृहस्थ सरांपेक्षाही कडक. तो समोर उभा राहणार आणि मी त्याच्यापुढे वीतभर अंतरावर खिळून बसणार. सूर लागला म्हणून आनंदाने जरा मागे रेलले की आवाज गेला. पुढे झुकले की कर्कश शिट्टी. कार्यक्रम संपल्यावर लोक म्हणायचे, 'छान वाजवलं,' आणि मी मान चोळत असायचे.

कानबाई मला ठाऊकच नव्हत्या. आमच्याकडे वऱ्हाडात हा सण नाही. सासरचं सगळं खानदेशी. आमची अख्खी गल्लीच खानदेशी म्हणा ना. धुळे-नंदुरबारकडून लूमच्या कामाला आलेली माणसं, वर्षभर खटखट ऐकत जगणारी. इथे लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात आणि खात्याचा आवाज आमच्या भिंतींमध्ये मुरलेला आहे. पण श्रावणात कानबाईचा रविवार आला की तो आवाजही मागे पडतो. घराघरात चौरंग मांडला जातो, नारळाला डोळे, नथ, डोरलं, हिरवं वस्त्र, आणि बघता बघता त्या नारळाची एक तेजस्वी बाई होते. गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी शिजते, खिरीला वेलदोड्याचा वास सुटतो. संध्याकाळी बायका जमतात आणि गाणी सुरू होतात, सगळी अहिराणीत.

आमच्या गल्लीत ती गाणी सांगायच्या त्या माझ्या सासूबाई. मी त्यांना आई म्हणते, गल्ली त्यांना इंदूमाय म्हणते. उंच, सावळ्या, करड्या नजरेच्या. एक हात कानावर ठेवून त्यांनी पहिली ओळ उचलली की बाकीच्या बायकांच्या पाठी ताठ व्हायच्या. पहिल्या श्रावणात मला शब्द कळत नव्हते, पण चाली आधीच कळल्या. चौथं-पाचवं गाणं चाललं असताना मी कोपऱ्यात बसून हळूच व्हायोलिन काढलं आणि त्यांच्या सुराच्या मागे मागे जायला लागले. त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. पुढचं गाणं त्यांनी जरा संथ धरलं, म्हणजे मला पकडता यावं. त्यांच्याकडून मिळालेली शाबासकी म्हणजे तेवढीच, आणि ती मला अनेक वर्षं पुरली.

पण रविवार झाला की सोमवार यायचा. सोमवारी सकाळी कानबाईला डोक्यावर घेऊन बायका गल्लीतून निघतात, नाक्यापर्यंत नाचत-गात जातात आणि तिथून गाड्या तापीकडे जातात. तापी खानदेशातूनच वाहत इथे येते, त्यामुळे आमच्या बायका तिच्याशी माहेरच्या माणसाशी बोलावं तशा बोलतात. तर ह्या सोमवारच्या मिरवणुकीत काही वर्षांपासून डीजे आला होता. ट्रकवर रचलेला खोक्यांचा तो मनोरा. पोटात गुद्दे बसल्यासारखा त्याचा आवाज. त्याच्यापुढे आई गायच्या आणि मला त्यांचे नुसते ओठ हललेले दिसायचे. मी शेजारून चालत असूनही एक शब्द ऐकू यायचा नाही. एका वर्षी त्या अर्ध्या रस्त्यात थांबल्या, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "मी काय मासा शे का? नुस्तं तोंड हालाडाले?" आणि त्या दिवशी पुढे गायल्या नाहीत. पुढच्या वर्षांच्या सोमवारीही नाही. रविवारी घरात गायच्या, सोमवारी मुकाट चालायच्या. त्यांचं गाणं दारातून बाहेर पडेनासं झालं होतं आणि त्याबद्दल कुणी काही बोलतही नव्हतं.

अशात गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात माझ्या एका सहकारी बाईंच्या मुलीच्या लग्नाला आम्ही सुरतेच्याच अडाजण भागात गेलो. हातात आमरसाची वाटी, कपाळावर घाम, आजूबाजूला सुरती थाटाची जेवणाची गर्दी. आणि त्या गर्दीतून एक माणूस सॅक्सोफोन वाजवत चालत येत होता. चालत! टेबलांच्या मधून, मुलांना हूल देत, आजीबाईंपुढे वाकून. त्याच्यापुढे स्टँड नव्हता, त्याच्या मागे वायर नव्हती, तरी आवाज लांबच्या कोपऱ्यातल्या स्पीकरमधून स्वच्छ येत होता. मी वाटी कुठल्या तरी टेबलावर ठेवली आणि त्याच्या मागे लागले. माझे यजमान म्हणाले, "अगं, नवरा-नवरी तिकडे आहेत." मला नवरा-नवरी बघायचे नव्हते. मला त्या सॅक्सोफोनच्या पितळी तोंडाला चिकटलेली ती काळी गोष्ट बघायची होती.

गाणं संपल्यावर त्या माणसाने हसून वाद्य माझ्यासमोर धरलं. रबर लावलेला एक छोटा चिमटा, त्यातून निघालेली बोटभर वाकडी दांडी, तिच्या टोकाला फोमची टोपी घातलेला वाटाण्याएवढा माइक. बाजूला काडेपेटीएवढी डबी. "ही डबी आवाज पाठवते, दुसरी डबी स्पीकरला लावलेली असते, ती घेते. मध्ये वायर नाही," तो हिंदीत म्हणाला.

"व्हायोलिनला लागतो का?"

"व्हायोलिन, बासरी, ढोलक, सगळ्याला. चिमटा बसला पाहिजे, बस."

घरी येईपर्यंत माझं कशातच लक्ष नव्हतं. यजमानांना वाटलं, उन्हाचा त्रास झाला. अवं माय, मला कसला त्रास होणार! मी मनातल्या मनात आमच्या गल्लीतून व्हायोलिन वाजवत चालले होते.

मी तसाच संच मागवला. पार्सल आलं तो दिवस शाळा सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यातला. मी वह्यांचा गठ्ठा तसाच ठेवला आणि समोरच्या पुष्पाला हाक मारली. पुष्पाचा नवरा लूमवर आहे आणि ती घरी बसून साड्यांना खडे चिकटवते. तिची बोटं कायम गोंदाने चिकट असतात, पण ढोलकीवर पडली की पाण्यासारखी वाहतात. आम्ही दोघींनी मिळून तो चिमटा व्हायोलिनच्या कडेला बसवला. आधी चुकीच्या बाजूला बसवला, तर गज दर वेळी माइकला लागून स्पीकरमधून दारावर कुणी थाप मारल्यासारखा आवाज यायचा. मग बाजू बदलली, दांडी वाकवून माइकचं तोंड लाकडावरच्या त्या नक्षीदार भोकाकडे केलं. व्हायोलिनने एखादं पोर कडेवर घेतल्यासारखं ते दिसत होतं. बॅटरीवर चालणारा, चाकं लावलेला आमचा स्पीकर स्वयंपाकघरात होता. मी पुष्पाला म्हटलं, "तो तिथेच राहू दे," आणि व्हायोलिन घेऊन गच्चीवर गेले.

वर कपडे वाळत होते, पाण्याच्या टाक्या तापल्या होत्या. मी टाकीच्या सावलीत बसले आणि आईंच्या एका गाण्याची चाल धरली. खाली काय झालं ते पुष्पाने मला नंतर सांगितलं. आई भाकरी थापत होत्या. त्यांच्या पाठीमागून त्यांचंच गाणं यायला लागलं. त्यांनी वळून पाहिलं, खोलीत कोणी नाही. खिडकीतून पाहिलं, कोणी नाही. मग पिठाचे हात तसेच घेऊन त्या स्पीकरसमोर उभ्या राहिल्या आणि त्याला म्हणाल्या, "आठे कोन वाजाडी राह्यनं वं?" पुष्पा हसून हसून जमिनीवर बसली. आई जिना चढून वर आल्या तेव्हा त्यांच्या हाताचं पीठ वाळलं होतं. त्यांनी मला पाहिलं, तो चिमटा पाहिला, आणि खाली बोट दाखवून विचारलं, "ते तठे, तू आठे?"

"हो आई. मधे काहीच नाही."

त्या म्हणाल्या, "मंग सोमवारले चालशी का?"

हा प्रश्न मी स्वतःला अडाजणच्या त्या लग्नापासून विचारत होते, आणि आता तो त्यांच्या तोंडून आला. त्यांनी एवढंच विचारलं होतं, मी चालेन का. स्वतः गाण्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. पण ज्या अर्थी विचारलं, त्या अर्थी त्यांच्या मनात काहीतरी पुन्हा उठून बसलं होतं.

माइकने माझ्याबद्दल बरंच काही सांगितलं, जे मला माहीत नव्हतं. आधी बांगड्या. गज ओढताना माझ्या उजव्या हातातल्या बांगड्या किणकिणतात हे स्टँडच्या माइकला कधी कळलं नव्हतं. हा चिमुकला मात्र सगळं ऐकायचा. मी बांगड्या काढून ठेवायला निघाले तर आई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. टाळ नहीत, ते काम त्याच करतीन." आणि खरंच, पुष्पाच्या ढोलकीबरोबर ती किणकिण अशी काही बसली की जणू मुद्दाम ठरवून ठेवली असावी. दुसरं म्हणजे श्वास. मोठी तान घेताना मी श्वास रोखून धरते आणि शेवटी फुस्सकन सोडते, हे मला चाळिशी उलटल्यावर एका स्पीकरने ऐकवलं. सरांनी कधी सांगितलं नव्हतं. त्यांनाही ऐकू आलं नसेल. मला मोठी गंमत वाटली. एवढी वर्षं मी वाजवत होते आणि जीव मुठीत धरून वाजवत होते.

पण खरी पंचाईत वेगळीच होती. आवाजाला पाय फुटले होते, मला फुटायचे होते. मी जन्मात कधी उभं राहून वाजवलं नव्हतं. उभी राहिले की व्हायोलिन टेकवायला घोटा कुठून आणायचा? हनुवटी आणि खांदा यांच्यामध्ये धरायला गेले तर ते साबणासारखं निसटायचं. रुमालाची घडी खांद्यावर ठेवून पाहिली, मग छोटा टॉवेल, मग पुष्पाने घरच्या साडीच्या कापडाची एक गादी शिवून दिली. ती घट्ट बसली. वर श्रावणाची दमट हवा, गजाचे केस सैल पडायचे, खुंट्या फुगून बसायच्या. एक पाऊल टाकलं की सूर घसरायचा आणि सूर सांभाळला की पाऊल थबकायचं. एका संध्याकाळी मी वैतागून खालीच बसले. आई कपडे काढायला आल्या होत्या. म्हणाल्या, "उभी राहीसन वाजाड ना. तुना मास्तर काय आठे देखाले येस का?"

आणि पुष्पा म्हणाली, "ताई, तुम्ही पायाकडे बघूच नका. माझ्या थापेवर पाऊल टाका." तिने ढोलकी गळ्यात अडकवली आणि वाळत घातलेल्या चादरींमधून उलटी चालायला लागली. मी तिच्या मागे. धा म्हटलं की उजवा, पुढच्या धाला डावा. चादर तोंडावर यायची, बाजूला व्हायची, पुष्पाचा हसरा चेहरा दिसायचा, पुन्हा चादर. तिसऱ्या की चौथ्या फेरीला मला कळलं की मी चालतेय. सूर जागेवर आहे आणि मी जागेवर नाही! तो आनंद मी कुणाला कसा समजावू? सायकल पहिल्यांदा तोल धरते ना, आणि मागून धरणारा हात सुटलाय हे कळतं, अगदी तसा.

आता उरले भटूभाऊ. हे आमच्या मंडळाचे अध्यक्ष. स्वतःची एम्ब्रॉयडरीची मशिनं आहेत, स्वभावाने मऊ, पण मिरवणूक म्हटली की त्यांना शेजारच्या गल्लीची धास्ती. आई मला घेऊन त्यांच्याकडे गेल्या आणि सरळ म्हणाल्या, यंदा कानबाईपुढे बायका गातील, डीजे नको. भटूभाऊंनी कपाळाला हात लावला. मला म्हणाले, "वहिनी, डीजे ठरलाय हो. आणि खरं सांगू? लोकं डीजेच्या मागे चालतात. गाण्याच्या मागे कोण चालतं? माणसं गळाली तर कानबाई एकटीच जाईल नाक्यापर्यंत."

आई म्हणाल्या, "भटू, डीजे कानबाईनं ऐकस का कानबाई डीजेनं?"

तरी भटूभाऊ मागे हटले नाहीत. शेवटी तोड निघाली. बायका पुढे गातील, डीजेचा ट्रक मागे गप्प चालेल. मोठ्या रस्त्यावरही माणसं टिकली तर ठीक. पांगायला लागली तर भटूभाऊ हात वर करतील आणि डीजे सुरू होईल. "मंग मी पुन्हा म्हननार नही," आई म्हणाल्या. त्या 'पुन्हा'चा अर्थ मला कळत होता. ह्या वर्षी आवाज पोहोचला नाही, तर सोमवारचं गाणं कायमचं संपणार होतं.

सोमवार उजाडला. आभाळ उतरलेलं होतं पण पाऊस नव्हता. भाजीच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, आमचा स्पीकर बांधला, लारी झेंडूने सजवली. मी हिरवी साडी नेसले, पदर घट्ट खोचला, खांद्यावर पुष्पाची गादी, हातात व्हायोलिन, त्याच्या कडेवर ते पोर, कमरेला डबी. आईंच्या हातात साधा वायरचा माइक दिला होता. दारातून कानबाई निघाली. आईंनी कानावर हात ठेवला आणि गल्लीने किती तरी वर्षांनी सोमवारी त्यांचा आवाज ऐकला.

गल्लीत आम्ही राण्याच होतो! दोन्ही बाजूंना घरं जवळजवळ, आवाज भिंतींवरून परत यायचा, दुप्पट होऊन यायचा. मी चालत होते. मी फुगडीच्या रिंगणात शिरले आणि वाजवतच बाहेर आले. एका घराच्या ओट्यावर चढले, उतरले. एका म्हातारीने गाणं ऐकत माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली, तेही स्पीकरमधून सगळ्यांनी ऐकलं.

मग मोठा रस्ता आला आणि सगळं पातळ झालं. रुंदी वाढली, रिक्षांचे हॉर्न, बसचा धूर, दोन्ही बाजूंना खात्यांची खटखट. आमचा लारीवरचा स्पीकर बिचारा जीव तोडून ओरडत होता, पण आवाज दहा माणसांच्या पलीकडे जाईना. मागची मंडळी आपापसात बोलायला लागली. काही जण पानाच्या गल्ल्याकडे, म्हणजे टपरीकडे, वळले. मी मागे पाहिलं तर आमच्या आणि ट्रकच्या मध्ये रिकामा रस्ता दिसायला लागला होता. आईंनाही ते दिसलं. त्यांचा सूर हलला नाही, पण त्यांचा हात कानावरून खाली आला. मी अजून जोरात गज ओढला. काही उपयोग नव्हता. भटूभाऊ आमच्याकडे बघत नव्हते. त्यांनी हात वर केला.

ट्रकवर डीजे चालवणारा जिग्नेश नावाचा गुजराती माणूस होता. त्याने बटणं दाबली, मनोऱ्यावरचे दिवे लागले. मी पोटात गुद्दा बसायची वाट बघत डोळे मिटले. पण गज थांबवला नाही. कडवं अर्धं होतं, अर्ध्यात कसं सोडणार?

आणि आकाशातून व्हायोलिन आलं.

दुसरा शब्द नाही. माझा प्रत्येक सूर, माझ्या बांगड्या, माझा श्वास, सगळं त्या मनोऱ्यातून रस्त्यावर कोसळलं. मी दचकून थांबले, ते थांबलं. मी एक सूर लावला, मनोऱ्याने तो लावला. पांगलेले लोक वळून बघायला लागले. जिग्नेश ट्रकवरून उडी मारून धावत माझ्याकडे आला. मला वाटलं, त्याचं काही जळलं, आता भांडण. तर तो हसत होता. "बेन, तमारुं वायोलिन मारामां आवे छे!" तो ओरडला. त्याच्याकडेही तसलाच बिनतारी माइकचा संच होता, घोषणा करायला. त्याचं आणि माझं चॅनल एकच निघालं. मनोरा चालू होताच, गाणं लागायच्या आधी, माझी डबी जे हवेत पाठवत होती ते आमच्या लारीवरच्या डबीबरोबर त्याच्याही डबीने घेतलं होतं.

भटूभाऊ धापा टाकत आले. "अरे, बंद कर ते!"

"बंद केम करुं?" जिग्नेश म्हणाला, "केटलुं सरस वागे छे! जुओ तो खरा." आणि, किती छान वाजतंय ते बघा तरी, म्हणून त्याने रस्त्याकडे हात केला. पानाच्या गल्ल्याकडे गेलेली माणसं परत येत होती. वरच्या मजल्यांच्या खिडक्या उघडत होत्या. एका खात्याच्या दारात कामगार येऊन उभे राहिले होते, केसांना सुताचा कापूस लागलेले. भटूभाऊंनी ते सगळं पाहिलं आणि त्यांचा वर गेलेला हात हळूहळू डोक्यावर आला. जिग्नेशच्या संचात दुसरा माइक होता, दुसऱ्या चॅनलचा. त्याने तो आणून दोन्ही हातांनी आईंसमोर धरला. "लो माजी, गावो."

आईंनी माइक घेतला. कानावर हात ठेवला. त्यांची पहिली ओळ मनोऱ्यातून निघाली तेव्हा झाडावरची कबुतरं उडाली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पुष्पाची ढोलकी मला कानाने ऐकू येत नव्हती, पण तिचे हात दिसत होते आणि माझे पाय तिच्या थापेवर पडत होते. भर रस्त्यात बायकांनी फुगड्या घातल्या. रिक्षावाले हॉर्न वाजवायचे थांबले. ज्या अहिराणी गाण्यांना आमच्या स्वयंपाकघराबाहेरचं जग माहीत नव्हतं, ती गाणी सुरतेच्या रस्त्यावरून दुकानांच्या पाट्यांना हात लावत चालली होती. आईंचा आवाज कापत नव्हता, मी मात्र कापत होते, आणि तेही माइक इमानाने सगळ्यांना सांगत होता.

ह्या वर्षी भटूभाऊ स्वतःहून घरी आले. चहा पिता पिता म्हणाले, "वहिनी, यंदाही चॅनल एकच ठेवायचं ना?" पुष्पा आता ढोलकीलाही चिमटा हवा म्हणते, आणि शेजारच्या गल्लीतून विचारणा आली आहे, इंदूमाय तिकडच्या बायकांना गाणी सांगतील का. आई म्हणतात, बघू. पण दुपारी भांडी घासताना त्या गुणगुणतात आणि मध्येच थांबून मला विचारतात, ही चाल व्हायोलिनवर बसेल का. मी म्हणते, तुम्ही म्हणा तर, बसवू.

पण मला राहून राहून आठवतो तो नाका. आम्ही नाक्यावर पोहोचलो तेव्हा गल्लीतून निघालो त्याहून कितीतरी अधिक माणसं आमच्या मागे होती, त्यातली अर्धी आमच्या ओळखीचीही नव्हती. शेवटचं गाणं संपलं. तापीकडे जायच्या गाड्या तयार होत्या. मनोरा नुसता घुंऽऽ करत होता. आईंनी जिग्नेशचा माइक नीट बंद करून पुष्पाकडे दिला, पदर सावरला आणि माझ्याजवळ आल्या. माझी हनुवटी अजून व्हायोलिनवरच टेकलेली होती. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. त्या माझ्या कानाशी वाकल्या आणि अगदी हळू, फक्त मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या,

"रडू नको व माय, व्हायोलिन वल्लं हुई जाई."

ते वाक्य अख्ख्या नाक्यावर घुमलं. माझ्या हनुवटीखालचा चिमुकला जागाच होता.

शेकडो माणसं एकदम हसली. खात्यांच्या दारातली, खिडक्यांतली, रिक्षांतली. भटूभाऊ डोळे पुसत हसत होते, जिग्नेशला एक अक्षर कळलं नव्हतं तरी तो हसत होता. आईंनी जीभ चावली, पदर तोंडावर घेतला. मला वाटलं, आता ह्या लाजेने घरी पळतील. पण पदर खाली आला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत मी कधी न पाहिलेली चमक होती. त्यांनी त्या वाटाण्याएवढ्या माइककडे एकदा नीट बघून घेतलं. मग मुद्दाम व्हायोलिनवर वाकल्या आणि सगळ्या रस्त्याला सुनावलं,

"आते काय देखी राह्यनात? चाला!"

आणि सगळा रस्ता तापीकडे चालायला लागला.